पाटी लावण्यापूर्वी

मंडळाचा गणेशोत्सव असो की दिवाळीचा कार्यक्रम, जेवणाच्या रांगेत ताट हातात घेऊन उभी असताना मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "ताई, वेबसाइट कोणाकडून करून घ्यावी? तुमच्या ओळखीचं कोणी आहे का?" माझा व्यवसाय हिशेबनिसाचा. न्यू जर्सीतल्या लहान लहान धंद्यांची जमाखर्चाची पत्रके आणि कराचे अर्ज मी पाहते. त्यामुळे वेबसाइट करणारी मंडळी माझ्या ओळखीची असणार, असा सगळ्यांचा समज. आहेतही. पण नाव सांगण्याआधी मी उलट विचारते, "विकणार काय? कोणाला? आणि एका ऑर्डरमागे हातात किती उरणार?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच येते. दुसऱ्याचे जरा अडखळत येते. तिसऱ्याच्या वेळी रांग पुढे सरकलेली असते, बटाट्याची भाजी समोर आलेली असते आणि विषय तिथेच राहतो.

तो विषय निवांतपणे मांडावा म्हणून हा लेख. इंटरनेटवरून धंदा करू पाहणाऱ्या आपल्या लोकांत मला साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, नोकरीचा भरवसा वाटेनासा झालेले चाळिशी-पन्नाशीतले व्यावसायिक. दुसरा, शिक्षण आणि हौस भरपूर, पण व्हिसामुळे घरी बसावे लागलेल्या बायका. हल्ली काही नवरेही. तिसरा, निवृत्तीनंतर वेळ आणि थोडी पुंजी हाताशी असलेली मंडळी. तिघांची परिस्थिती निराळी, पण सुरुवात एकाच ठिकाणाहून होते, ती म्हणजे वेबसाइटपासून. याचे कारणही उघड आहे. संगणकाचे काम करणारा कोणीतरी आपल्या घरात किंवा मित्रमंडळींत असतोच. वेबसाइट करणे आपल्याला येते, निदान कळते. गिऱ्हाईक शोधणे, पार्सलाचे वजन, विमा, परवाने या गोष्टी मात्र अनोळखी. जे येते ते माणूस आधी करतो आणि जे येत नाही ते पुढे ढकलतो.

वेबसाइट म्हणजे दुकानावरची पाटी, फार तर पाटी आणि गल्ला. दादरला किंवा लक्ष्मी रोडवर दुकान घालणारा माणूस पाटी रंगवणाऱ्याकडे सगळ्यात शेवटी जातो. जागा, माल, परवाना, उधारी, नोकर हे सगळे ठरले, म्हणजे मग पाटीवर काय लिहायचे ते आपोआप कळते. इंटरनेटवर हा क्रम उलटा होतो, कारण इथे पाटी स्वस्त आणि झटपट मिळते.

आधी यादी, मग दुकान

या बाबतीत ॲमेझॉनची सुरुवात आठवण्यासारखी आहे. जेफ बेझोस यांनी १९९४ साली न्यूयॉर्कमधली चांगली नोकरी सोडली, तेव्हा त्यांच्याजवळ वेबसाइट नव्हती. इंटरनेटवरून काय विकता येईल, अशा वीस वस्तूंची यादी होती. त्यातून त्यांनी पुस्तके निवडली. जगात छापलेली पुस्तके इतकी, की कुठल्याही एका दुकानात ती मावणार नाहीत. पुस्तक नासत नाही, फुटत नाही, आणि एक प्रत दुसरीसारखीच असल्यामुळे गिऱ्हाइकाला ती हाताळून पाहावी लागत नाही.

गाव निवडतानाही असाच हिशेब होता. १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालामुळे, ज्या राज्यात विक्रेत्याचे दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, त्या राज्याला त्याच्याकडून विक्रीकर वसूल करून घेता येत नव्हता. म्हणजे धंदा जितक्या कमी वस्तीच्या राज्यात, तितक्या थोड्या गिऱ्हाइकांवर कर लावावा लागणार. अफाट वस्तीचे कॅलिफोर्निया टाळून वॉशिंग्टन राज्यातले सिॲटल निवडण्यामागे हे एक कारण होते. संगणकाचे जाणकार तिथे मिळत होते, आणि पुस्तकांच्या एका मोठ्या ठोक विक्रेत्याचे गोदाम शेजारच्या ऑरेगन राज्यात होते. हे सगळे ठरल्यावर जुलै १९९५ मध्ये वेबसाइट लोकांसाठी उघडली.

याच्या उलट उदाहरणे त्याच काळातली आहेत. पेट्स डॉट कॉम ही कंपनी कुत्र्यामांजरांचे खाणे विकत असे. जानेवारी २००० मध्ये सुपर बोलच्या सामन्यात तिची जाहिरात झळकली, फेब्रुवारीत शेअर बाजारात आले आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. खाण्याच्या जड गोण्या घरपोच पाठवण्याचा खर्च मोठा, आणि किंमत तर खरेदीपेक्षाही कमी ठेवलेली. जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त. लंडनच्या बू डॉट कॉमची तऱ्हा आणखी वेगळी. फॅशनचे कपडे विकणारी ही कंपनी नोव्हेंबर १९९९ मध्ये अतिशय नटवलेली वेबसाइट घेऊन आली. त्या काळच्या घरगुती मोडेमवर ती पाने उघडता उघडता माणूस कंटाळून जाई. मे २००० मध्ये तीही बंद पडली. या दोन्ही कंपन्यांजवळ कोट्यवधींचे भांडवल होते, हुशार माणसे होती. आपल्याजवळ मुलांच्या कॉलेजसाठी बाजूला टाकलेले पैसे असतात. म्हणून आपण जास्त जपून वागायला हवे.

पैसे देणार कोण, खाणार कोण?

सोयीसाठी एकच उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा, आपल्याला दिवाळीचा फराळ इंटरनेटवरून विकायचा आहे. चकली, चिवडा, बेसनाचे लाडू, शंकरपाळे. "गिऱ्हाईक कोण?" असे विचारले की उत्तर येते, "अमेरिकेतले सगळे मराठी लोक." हे उत्तर म्हणजे गिऱ्हाईक अजून सापडलेले नाही, असे समजावे.

एडिसनमध्ये राहणाऱ्या कुटुंबाला ओक ट्री रोडवर मिठाईची दुकाने हाताशी आहेत. ते आपल्याकडून टपालाचा खर्च देऊन चिवडा का मागवतील? मागवतील ते लोक, ज्यांच्या गावात भारतीय दुकानच नाही. किंवा आजूबाजूला मिळणारी चकली आपल्या पद्धतीची भाजणीची नाही, याची ज्यांना रुखरुख आहे. आणखी एक गट आहे, तो चटकन सुचत नाही. एखाद्या लहानशा युनिव्हर्सिटीच्या गावात पहिलीच दिवाळी एकट्याने काढणारा मुलगा, आणि त्याला काहीतरी पाठवावे म्हणून तळमळणारी त्याची नाशिकची आई किंवा टेक्सासमधली मावशी. इथे खाणारा एक आणि पैसे देणारा दुसराच. मुलगा स्वतः होऊन ही पेटी मागवणार नाही. मावशी मागवील.

एकदा हे कळले की पुढची कितीतरी उत्तरे बदलतात. मावशीसाठी किंमत किती, यापेक्षा पेटी धनत्रयोदशीपूर्वी पोचेल का, हे महत्त्वाचे. आत चार ओळींची चिठ्ठी घालता येईल का, हे महत्त्वाचे. आईला पैसे भारतातल्या कार्डाने भरता येतील का, हाही प्रश्न आला. हे प्रश्न वेबसाइट करणाऱ्याला सुचणार नाहीत. ते त्याचे कामही नव्हे.

एका पेटीचा हिशेब

आता माझ्या आवडीचा भाग. लोक वर्षाच्या उलाढालीचे तक्ते करून आणतात आणि त्यात विक्री दर महिन्याला दहा टक्क्यांनी वाढत असते. मी म्हणते, वर्ष राहू द्या, एका पेटीचा हिशेब करू. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत.

चार पौंड फराळाच्या पेटीची किंमत टपालासह ४५ डॉलर धरू. सामान ११ डॉलर. परवाना असलेले स्वयंपाकघर तासांवर भाड्याने घेतले, त्याचा वाटा ६. डबे, पिशव्या, खोके ४. टपाल १४. कार्डाची फी साधारण २.९ टक्के आणि वर ३० सेंट, म्हणजे सुमारे १.६०. फुटलेल्या, हरवलेल्या, परत पैसे द्याव्या लागणाऱ्या पेट्यांसाठी बाजूला २ डॉलर. बेरीज ३८.६० झाली. हातात राहिले ६ डॉलर ४० सेंट.

करणे, भरणे, पत्ता चिकटवणे, टपालात नेऊन टाकणे, याला पेटीमागे ४० मिनिटे लागतात असे धरले, तर ही मजुरी तासाला ९ डॉलर ६० सेंट पडली. न्यू जर्सीत कायद्याने ठरलेले किमान वेतनच १५ डॉलरच्या वर आहे. आणि यात जाहिरात, विमा, कर आणि वेबसाइट अजून धरलेली नाही. वेबसाइटला ४००० डॉलर दिले असतील, तर तेवढेच वसूल व्हायला ६२५ पेट्या विकाव्या लागतील. पेटीला ४० मिनिटे म्हणजे चारशे तासांहून अधिक काम, आणि फराळाचा मोसम जेमतेम तीन आठवड्यांचा!

हा तक्ता पाहून काहींचा चेहरा पडतो. माझे म्हणणे असे, की कागदावर चेहरा पडायला काहीच खर्च येत नाही. शिवाय हिशेब मांडला म्हणजे कुठे हात घालायचा तेही दिसते. वरच्या आकड्यांत सगळ्यात मोठा खर्च सामानाचा नसून टपालाचा आहे. म्हणून टपालाकडे पाहू.

कुरिअर कंपन्या नुसत्या वजनाचे पैसे घेत नाहीत, खोक्याच्या आकाराचेही घेतात. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत मोजून गुणाकार करायचा आणि त्याला ठरावीक आकड्याने भागायचे. मोठ्या खासगी कंपन्यांकडे हा आकडा बहुधा १३९ असतो. १२ इंच लांब, १२ इंच रुंद आणि १० इंच उंच खोक्याचा गुणाकार १४४०. त्याला १३९ ने भागले की दहाच्या वर येते. मग खोक्यात चार पौंड चिवडा असला, तरी पैसे अकरा पौंडांचे. चिवडा हा पदार्थ जागा खाणारा आणि हलका, लाडू लहान आणि जड. म्हणजे टपालाच्या दृष्टीने लाडू हा चिवड्यापेक्षा शहाणा पदार्थ! सरकारी टपालखात्याचे नियम आणि ठरावीक दराची खोकी वेगळी असतात. दोन्हीकडे चौकशी करून खोके आधी निवडावे आणि मग त्यात काय बसते ते ठरवावे.

परवानगी आहे का?

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. माझ्याकडे एकदा एक तरुण जोडपे कराची चौकशी करायला आले. तो एच-१बी व्हिसावर, ती एच-४ वर. दोघांचे ग्रीन कार्डाच्या रांगेत नाव. "ताई, वेबसाइट तर झालीसुद्धा!" असे म्हणत तिने फोनवर फोटो दाखवले. चकल्या इतक्या देखण्या, की नजर हटू नये. आई-वडिलांना इकडे आणण्यासाठी साठवलेल्या पैशांतून ४००० डॉलर त्यांनी वेबसाइटला दिले होते आणि मालक म्हणून तिचे नाव घातले होते. मी विचारले, "काम करायचं परवानगीपत्र मिळालंय का?" ते मिळालेले नव्हते.

एच-१बी व्हिसावरच्या माणसाला ज्या कंपनीने अर्ज केला त्या कंपनीसाठीच काम करता येते. एच-४ वरच्या जोडीदाराला परवानगीपत्राशिवाय काम करता येत नाही, आणि स्वतःचा धंदा चालवणे हेही कामच. २०१५ च्या एका नियमाने एच-४ वरच्या काही जोडीदारांना असे परवानगीपत्र मिळू लागले, पण सगळ्यांना नाही. एच-१बी धारकाचा ग्रीन कार्डाचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलेला असावा लागतो. विद्यार्थी व्हिसावरच्यांचे नियम आणखी निराळे. परवानगीशिवाय केलेले काम पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी आडवे येऊ शकते. दोन-चारशे डॉलरच्या विक्रीसाठी दहा वर्षांची रांग पणाला लावू नये. मी त्यांना इमिग्रेशनच्या वकिलाकडे पाठवले. त्याने स्पष्ट सांगितले, की कार्ड हातात येईपर्यंत एक डॉलरचीही ऑर्डर घेऊ नका. पुढचे आठ महिने ती वेबसाइट नुसती भाडे खात पडून राहिली.

व्हिसाचा प्रश्न नसला, तरी खाण्याच्या पदार्थांचे नियम आहेतच. न्यू जर्सीत घरच्या स्वयंपाकघरात केलेले बेकरीचे पदार्थ विकायला अगदी २०२१ पर्यंत बंदी होती. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून परवाना मिळू लागला, पण वर्षाला ५०,००० डॉलरची मर्यादा आणि विक्री राज्याच्या आतच. पदार्थांची यादीही ठरलेली. प्रत्येक राज्याचा असा नियम वेगळा आहे. म्हणून "अमेरिकाभर घरपोच" असे वेबसाइटवर लिहिण्याआधी आपल्या राज्याच्या आरोग्यखात्याचे पान वाचावे. राज्याबाहेर पाठवायचे तर बहुधा परवाना असलेले व्यावसायिक स्वयंपाकघर लागते, आणि ते भाडे आपण वर हिशेबात धरलेच आहे.

वेष्टणावर काय लिहायचे तेही ठरलेले आहे. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, काजू-बदामासारखा सुका मेवा, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन या आठ गोष्टींची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी त्यांचा उल्लेख आवश्यक होताच. १ जानेवारी २०२३ पासून नववे नाव आले ते तिळाचे. आता आपला फराळ आठवा. चकलीत तीळ, चिवड्यात शेंगदाणे आणि काजू, शंकरपाळ्यांत गहू, लाडवांत तूप. एका पेटीत पाच धोके. इथल्या एखाद्या मुलाच्या दृष्टीने हा जिवाशी खेळ असतो. "आपल्याकडे कोणाला कुठे ॲलर्जी असते?" या भरवशावर राहू नये. मालामुळे झालेल्या इजेपासून संरक्षण देणारा विमाही याच वेळी विचारून घ्यावा.

"मग भारतातूनच करून मागवू," असे काहीजण म्हणतात. आईने घरी केलेला फराळ लेकीला भेट म्हणून येतो, त्याला अन्न-औषध खात्याला पूर्वसूचना देण्याच्या नियमातून सूट आहे. तोच फराळ विकायला आणला की ती सूट संपली. शिवाय ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना इथे जकात लागत नसे, ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवण्यात आली. त्या गोंधळात भारताच्या टपालखात्याने अमेरिकेकडे येणारी बहुतेक पार्सले त्या महिन्याच्या अखेरीस बंद ठेवली आणि ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळी तोंडावर आली तेव्हा, पुन्हा सुरू केली. ज्यांचा सगळा धंदा त्या एका वाटेवर होता, त्यांची काय अवस्था झाली असेल, ते सांगायला नको. जकातीचे दर माल मागवण्याआधी त्या आठवड्यात पुन्हा तपासावेत.

विक्रीकराबद्दलही दोन शब्द. बेझोस यांनी ज्या निकालाचा फायदा घेतला, तो सर्वोच्च न्यायालयाने २१ जून २०१८ रोजी वेफेअर खटल्यात बदलला. आता राज्यात पाऊल न ठेवताही, ठरावीक रकमेपेक्षा जास्त विक्री झाली तर त्या राज्याचा कर गोळा करावा लागतो. पुष्कळ राज्यांत ही मर्यादा वर्षाला एक लाख डॉलर आहे. खाद्यपदार्थांवर काही राज्यांत कर नाही, काहींत आहे. सुरुवातीच्या धंद्याला एवढे घाबरण्याचे कारण नाही, पण स्वतःच्या राज्याचा नियम मात्र पहिल्या दिवसापासून पाळावा लागतो.

चाळीस पेट्यांची परीक्षा

एवढे झाल्यावरही वेबसाइटकडे वळू नये, असे मी म्हणते तेव्हा लोक चिडतात. पण अजून एक गोष्ट कळायची राहिलेली असते: लोक खरेच पैसे देतील का? मंडळाच्या कार्यक्रमात शंभर जणांना विचारले तर शंभरही म्हणतील, "वा, फारच छान कल्पना!" कौतुक फुकट असते. पुढे येऊन आगाऊ पैसे देणारे किती, तेवढेच मोजावे.

झॅपोस या बुटांच्या कंपनीची सुरुवात १९९९ साली अशीच झाली. निक स्विनमर्न यांनी जवळच्या दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले आणि ते इंटरनेटवर लावले. ऑर्डर आली, की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला बूट विकत घ्यायचे आणि पाठवून द्यायचे. त्यात नफा नव्हता, पण लोक न घालून पाहता बूट विकत घेतात की नाही, हे गोदाम न बांधताच कळले. आपल्या मुंबईचे उदाहरणही आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे, आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. पुढे त्याचे लिज्जत झाले. माल खपतो, हे आधी चार पाकिटांनी सिद्ध केले.

वर सांगितलेल्या जोडप्यातल्या त्या मुलीला यथावकाश परवानगीपत्र मिळाले. त्या दिवाळीत तिने वेबसाइट बाजूला ठेवली, स्वयंपाकघर भाड्याने घेतले आणि फोनवरून व एका साध्या फॉर्मवरून फक्त चाळीस पेट्यांची ऑर्डर घेतली, पैसे आधी. त्या चाळीस पेट्यांनी तिला जे शिकवले ते चार हजार डॉलरच्या वेबसाइटने शिकवले नव्हते. भाजणीची चकली दूरच्या प्रवासात हटकून मोडत होती. लाडू मात्र जसेच्या तसे पोचत होते. आणि चाळीसपैकी सव्वीस पेट्या दुसऱ्या कोणाला तरी भेट म्हणून पाठवलेल्या होत्या! तिच्या वेबसाइटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता वेगवेगळा लिहिण्याची सोयच नव्हती, चिठ्ठीची तर नव्हतीच.

तिने पेटी लहान केली. लाडू, शंकरपाळे, थोडी शेव आणि हाताने लिहिलेली चिठ्ठी. किंमत ३२ डॉलर. सामान ६, स्वयंपाकघर ३, खोके ३, टपाल ९, कार्डाची फी सव्वा डॉलर, मोडतोडीसाठी १. खर्च २३ डॉलर २५ सेंट. हातात ८ डॉलर ७५ सेंट, आणि वेळ पेटीमागे २५ मिनिटे. म्हणजे तासाला २१ डॉलर. किंमत कमी झाली आणि कमाई दुपटीहून जास्त. याने कोणी श्रीमंत होत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. पण या हिशेबावर पुढचे पाऊल टाकता येते.

आता वेबसाइट

इथवर आलात, म्हणजे वेबसाइटवर काय हवे ते एका पानात लिहून काढता येते. पेटीत काय आहे, वजन किती, कशाची ॲलर्जी होऊ शकते, टपालासह किंमत, ऑर्डरची शेवटची तारीख, दोन पत्ते, चिठ्ठी, पैसे परत देण्याचे नियम, संपर्क. पोचवण्याची तारीख लिहाल ती पाळता येईल अशीच लिहा. इथल्या केंद्रीय नियमाप्रमाणे सांगितलेल्या मुदतीत माल रवाना करता येईल याला सबळ आधार असावा लागतो. मुदत सांगितलीच नसेल तर ती ३० दिवस धरतात. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकाला कळवून पैसे परत घेण्याची संधी द्यावी लागते. दिवाळी संपल्यावर पोचलेल्या लाडवांचे दुःख या नियमाने भरून येत नाही, हा भाग वेगळा.

नाव ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. ते दुसऱ्या कोणाचे नोंदलेले ट्रेडमार्क नाही ना, हे सरकारी पेटंट आणि ट्रेडमार्क कार्यालयाच्या यादीत फुकट शोधता येते. दुसरे, आपला मराठी शब्द रोमन लिपीत चारजण चार तऱ्हांनी लिहितात. "फराळ" हाच शब्द घरातल्या चौघांना लिहायला सांगून पाहा. ऐकून बिनचूक लिहिता येईल असे नाव बरे. आणि ते नाव नोंदवताना मालक म्हणून तुमचेच नाव लागले पाहिजे, वेबसाइट करून देणाऱ्याचे नव्हे. हे भांडण मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

ते एक पान हातात असले, की असेही ध्यानात येते की पहिल्या वर्षी वेगळी वेबसाइट बांधायची गरजच नाही. तयार साच्यातले दुकान महिन्याच्या भाड्याने मिळते, किंवा एत्सीसारख्या बाजारात जागा मिळते. एत्सी विक्रीच्या साडेसहा टक्के आणि प्रत्येक वस्तूच्या नोंदणीला २० सेंट घेते, कार्डाची फी वेगळी. महाग वाटले तरी ४००० डॉलरशी तुलना करून पाहावी. सल्ला हवा असेल तर स्कोर ही १९६४ सालापासून चालत आलेली संस्था आहे. अनुभवी आणि निवृत्त व्यावसायिक तिथे फुकट मार्गदर्शन करतात. त्यांच्याकडे जाताना हेच पान घेऊन जावे.

तेव्हा मंडळी, या रविवारी दुपारचा चहा झाला की एक कोरा कागद घ्या. पैसे कोण देणार, एका पेटीमागे काय उरणार, ती कशी पोचणार, कायद्याने चालेल ना, आणि गेल्या महिन्यात खरे पैसे देऊन किती जणांनी घेतली, एवढी पाच उत्तरे त्यावर लिहा. एखादी जागा रिकामी राहिली तर तीच पुढच्या आठवड्याची कामगिरी समजा. पाचही भरल्या की मला फोन करा. वेबसाइट करणाऱ्या दोघातिघांची नावे मी आनंदाने देईन.